दोरी उतरवलेला कामठा

‘‘यंदाचा विषय कुलूप,’’ संपादकबाई फोनवर म्हणाल्या. ‘‘मनाची कुलुपं, ओठांची कुलुपं नकोत. ती न मागता चाळीस येतात. लोखंडाचं काहीतरी बघा.’’

माझ्याकडे एक टिपण पडून होतं. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यानं १ सप्टेंबर २०२१पासून बंदूक ठेवायच्या कपाटावरचा आणि बंदुकीच्या चापाला लावायच्या कुलपावरचा विक्रीकर माफ केला, एवढीच ती नोंद. मी ती वाचून दाखवली. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘ठीक आहे, पण हे तिकडचं झालं. आपल्याकडे ज्याच्या घरात परवान्याची बंदूक आहे, तो ती ठेवतो कुठे? त्याच्या कुलपावर कर किती? आणि ज्याच्याकडे बंदूक नाही पण भिंतीवर तीरकामठा आहे, त्याचं काय?’’

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कागदांत सापडली असती. तिसऱ्यासाठी घर सोडावं लागणार होतं. मी मणिबेली निवडली. कारण सांगितलं तर पोरकट वाटेल, पण सांगतो. आपलं सरकार नागरिकांच्या बंदुका स्वतःच्या कुलपात ठेवतं ते निवडणुकीच्या काळात, आणि महाराष्ट्रातली निवडणूक मोजायला लागलं की पहिलं नाव मणिबेलीचं येतं.

पहिलं केंद्र, पहिलं बुडित

अक्कलकुवा हा विधानसभेचा मतदारसंघ क्रमांक १. मणिबेली हे त्यातलं मतदान केंद्र क्रमांक १. नंदुरबार जिल्ह्याचा हा वायव्येचा कोपरा; पलीकडे गुजरात, खाली नर्मदा. मतदानयंत्रं घेऊन येणारी माणसं इथं होडीनं येतात.

मीही पाण्यावरूनच गेलो. केवडियाच्या बाजूला सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा, त्याभोवती बागा, बसगाड्या, तिकिटांच्या रांगा. धरणाच्या वरच्या अंगाला आलं की हे सगळं डोंगराआड जातं. उरतं ते पसरलेलं पाणी आणि डिझेल इंजिनाचा एकसुरी आवाज. होडीवाल्यानं मध्येच हात पाण्याकडे केला. ‘‘इथं देऊळ होतं.’’ शूलपाणेश्वराचं. परिक्रमावासी जिथं टेकायचे ते जुनं देऊळ पाण्याखाली गेलं, आणि नवं गुजरातेत गोऱ्याला बांधलं गेलं.

सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातली ३३ गावं आली. ९ अक्कलकुवा तालुक्यातली, २४ अक्राणीतली. त्यांत बुडण्याचा पहिला मान मणिबेलीचा. नव्वदीच्या सुरुवातीचे, धरणाविरुद्धचे पावसाळी सत्याग्रह इथले. १९९३ साली या धरणासाठीचं जागतिक बँकेचं उरलेलं कर्ज भारतानं सोडून दिलं. पुढच्याच वर्षी जगभरातल्या शेकडो संघटनांनी मोठ्या धरणांना बँकेनं पैसा देऊ नये म्हणून जे निवेदन काढलं, त्याला नाव दिलं ‘मणिबेली जाहीरनामा’. २०१७ साली धरणाचे दरवाजे मिटले आणि उंची १३८.६८ मीटरवर पोचली. ज्या गावाचं नाव वॉशिंग्टनला ठाऊक झालं, त्या गावातली उरलेली घरं आज पाण्याच्या रेघेवर, टेकड्यांच्या खांद्यांवर एकेकटी उभी आहेत. एका घरून दुसऱ्या घरी जायचं तर आधी उतरायचं, मग चढायचं.

आढ्याखालची जागा

ज्यांच्या ओटीवर मी टेकलो ते गृहस्थ सत्तरीचे असावेत. त्यांना सगळे डाया म्हणत होते, म्हणजे जाणता म्हातारा. मीही डायाच म्हटलं. पाणी प्यायलो, मका कसा आला ते विचारलं, आणि मग जरा धीर करून म्हणालो, ‘‘डाया, घरात हत्यार काय काय आहे?’’

ते माझ्या चपलांकडे बघत राहिले. शहरातून आलेला माणूस हत्याराची चौकशी करतो तेव्हा तो पोलीस तरी असतो किंवा जंगलखात्याचा. मी लिहिणारा आहे हे सोबतच्या पोरानं त्यांच्या बोलीत समजावलं. मग ते हसले. ‘‘हत्यार कसलं? कुऱ्हाड आहे, विळा आहे, धारिया आहे. कामाची वस्तू.’’ जरा थांबून म्हणाले, ‘‘आणि कामठा आहे.’’

आत अंधार होता. कुडाच्या भिंती, मध्ये धान्याच्या कणग्या, एका बाजूला गुरं. डोळे सरावल्यावर दिसलं की कामाच्या वस्तू सगळ्या हाताच्या उंचीवर आहेत. कुऱ्हाड दाराशी टेकवलेली, विळा कुडात खोचलेला, धारियाचा लांब दांडा खांबाला लागून. कामठा मात्र वर होता, आढ्याखाली, दोन वाशांच्या मध्ये आडवा सारलेला. डायांनी टाचा उचलून, हात पूर्ण ताणून तो काढला. मला तो उडी मारल्याशिवाय मिळाला नसता.

हातात घेतला तेव्हा आधी वाटलं, ही नुसती काठी आहे. बांबूचा पिळदार दांडा, दोन्ही टोकांना खाचा. दोरीसुद्धा बांबूचीच, चिरून तासून काढलेली चिवट पट्टी. पण ती एकाच टोकाला अडकवलेली होती आणि दुसरं टोक मोकळं लोंबत होतं. ‘‘चढवलेली ठेवली तर बांबू झोपतो,’’ डाया म्हणाले. म्हणजे सतत ताणात राहिला की त्याची उसळी जाते. वापरायच्या वेळीच दोरी चढवायची. ती चढवायची म्हणजे दांड्याचं एक टोक पायात दाबून, गुडघ्याचा रेटा देऊन दुसरं टोक वाकवायचं. मी करून पाहिलं. दांडा वाकला बोटभर आणि मी वाकलो जास्त. सोबतचा पोरगा तोंड फिरवून हसला.

‘‘आणि बाण?’’

बाण तिथं नव्हते. ते घराच्या दुसऱ्या टोकाला, कणगीमागे, बांबूच्या नळकांड्यात होते. लोखंडी पाती खाली, पिसं वर. पाती लोहाराकडून घेतलेली, बाकी सगळं घरचं.

मी वहीत तीन गोष्टी लिहिल्या. हत्यार निकामी करून ठेवलेलं. पोरांच्या हाताबाहेर. मारा करायची वस्तू वेगळ्या जागी. बंदूक घरात कशी ठेवावी याची जगातली कुठलीही पुस्तिका उघडली तर हेच तीन नियम सापडतात. फक्त तिथं एक चौथा असतो, कुलूप लावा. डायांच्या घराला कुलूपच नव्हतं. दाराला एक टट्टी होती, आणि ती कुत्र्यासाठी होती.

‘‘नातू वर चढला तर?’’ मी विचारलं.

‘‘चढेल. पण दोरी चढवायला जोर लागतो. जोर येईपर्यंत अक्कल येते, असं आम्ही धरून चालतो.’’ मग स्वतःच पुस्ती जोडली, ‘‘नेहमी येतेच असं नाही.’’

ही पुस्ती महत्त्वाची. सातपुड्यात दारूच्या नाहीतर बांधाच्या भांडणात बाण सुटतात, माणसं जखमी होतात, मरतातही. आदिवासींच्या घरात शस्त्र म्हणजे शोभेची वस्तू, असं जे शहरी दिवाणखान्यात टांगलेल्या नक्षीदार धनुष्यावरून वाटतं, ते खरं नाही. इथला कामठा लागतो. म्हणूनच तो वर सारलेला असतो.

टेक्सासचं कपाट

आता टिपणातल्या टेक्सासकडे. तिथल्या यादीत बंदुकीचं कपाट आहे, कुलपाची पेटी आहे, नळीत घालायचं आणि चापावर बसवायचं कुलूप आहे, आणि बंदूक सांभाळण्याचं शिक्षण देणारी पुस्तकंही आहेत. या सगळ्यावर विक्रीकर शून्य. तिथं राज्याचा विक्रीकर सव्वासहा टक्के आणि गावा-शहराचा मिळून जास्तीत जास्त सव्वाआठ. म्हणजे १०,००० रुपयांच्या कपाटामागे सुटतात फार तर ८२५ रुपये.

गंमत म्हणजे त्याच दिवशी, १ सप्टेंबर २०२१ला, टेक्सासमध्ये आणखी एक कायदा अमलात आला: प्रौढ नागरिकाला परवान्याशिवाय कमरेला पिस्तूल लावून हिंडण्याची मुभा. एका हातानं बंदूक मोकळी केली आणि दुसऱ्या हातानं कपाट स्वस्त केलं. व्हर्जिनियानं वर्षभर आधी, जुलै २०२०पासून, अशीच सूट दिली होती. मात्र कपाटाची किंमत १,५०० डॉलरच्या आत हवी, अशी अट घातली. टेनेसीत मार्च २०२३मध्ये नॅशव्हिलच्या एका शाळेत गोळीबार झाला, तीन मुलं आणि तीन मोठी माणसं गेली. बंदुकीवर निर्बंध घाला म्हणून पालक विधानभवनावर गेले. ऑगस्टमध्ये खास अधिवेशन भरलं आणि त्यातून बाहेर पडल्या त्या गोष्टींत एक होती बंदुकीच्या तिजोरीवरची कायमची करमाफी.

राजकारण समजायला सोपं आहे. बंदूक कोणाला द्यावी यावर सभागृह दुभंगतं, कुलूप स्वस्त करायला मात्र कोणीच विरोध करत नाही. पालकाला वाटतं काहीतरी झालं, बंदूकवाल्याला वाटतं आपलं काही गेलं नाही, दुकानदाराचं तर भलंच होतं. शंभरामागे आठ रुपयांची ही सवलत, पण ती मिळालेल्या माणसाला एक गोष्ट नक्की कळते: कपाट घेणं ही चांगली गोष्ट आहे, असं सरकार म्हणतंय. जबरदस्ती न करता चांगलं वागायला सांगण्याची ती रीत आहे. तिचा उपयोग किती, हा वेगळा वाद. पण निदान ‘बंदूक’ आणि ‘बंदुकीचं कुलूप’ या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे त्या करखात्यानं कागदावर मान्य केलं.

कोयत्याला माफी, घमेल्याला नाही

आपल्या करखात्याला ही वेगळीक दिसत नाही. घराच्या दाराचं कुलूप, दुकानाच्या शटरचं कुलूप, बंदुकीच्या पेटीचं कुलूप, सगळ्यांना एकच १८ टक्के. लोखंडी तिजोरीलाही १८. सराफाची असो, पतपेढीची असो किंवा बंदुकीची असो. १०,००० रुपयांच्या कपाटावर १,८०० रुपये कर. टेक्सासनं जेवढं माफ केलं त्याच्या दुपटीहून जास्त आपण भरतो.

आणि महाराष्ट्राला वाटलं, आपण एकट्यानं माफ करू, तर ते आता जमणार नाही. विक्रीकराचा मुंबई कायदा होता, पुढे १ एप्रिल २००५पासून व्हॅट आला, तोवर कुठल्या वस्तूला मोकळं सोडायचं त्याचं अनुसूचीचं पान मुंबईत उलटता येत होतं. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि ते पान सगळ्या राज्यांच्या सामाईक परिषदेत गेलं. आता सिंधुदुर्गातल्या बंदुकीच्या पेटीचा दर ठरवायला दिल्लीत सगळ्या राज्यांचे अर्थमंत्री बसावे लागतात.

या परिषदेनं बंदुकीचा विचार अगदीच केलेला नाही असं नाही. पिस्तूल आणि रिव्हॉल्वरवरचा कर २८ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५पासून ४० झाला. त्या ओळीत पिस्तुलाचे शेजारी कोण? खासगी विमानं आणि मौजेच्या नौका. म्हणजे आपल्या कराच्या नजरेत पिस्तूल ही चैन आहे. तिची जोखीम, तिची साठवण, घरातली पोरं, हे त्या चौकटीत बसतच नाही. चैनीवर कर चढवायचा, एवढंच गणित.

मात्र ज्या लोखंडाला या कायद्यानं पूर्ण माफी दिली, ते बघायला डायांच्या दाराशी जावं. कुदळ, फावडं, खुरपं, कुऱ्हाड, कोयता, विळा, हातानं चालवायची शेतीची नि जंगलाची अवजारं करमुक्त आहेत. करमाफीच्या त्या नोंदीत कंसात एक अपवाद आहे, आणि इंग्रजी मजकुरात तो आपल्याच भाषेतला शब्द लिहून केलेला आहे: घमेलं सोडून. घमेल्यानं कोणाचं डोकं फुटल्याचं फारसं ऐकिवात नाही, तरी त्याला कर. ज्याच्या एका घावात माणूस आडवा होतो त्या कुऱ्हाडीला माफी. यात चूक काही नाही. कुऱ्हाड अवजार आहे की शस्त्र, हे तिच्या पात्यावर लिहिलेलं नसतं, हातावर ठरतं. करखात्यानं हाताला अवजाराचा मान दिला, एवढंच.

कामठ्याचा दर मी शोधत बसलो नाही. जो बांबू पाड्यामागून आला, जी दोरी त्याच बांबूतून निघाली, त्याचं बिल कोण फाडणार?

‘रिकामी करूची म्हणजे उडवूचीच’

खरी परवान्याची बंदूक बघायला मला राज्याच्या दुसऱ्या टोकाला, सावंतवाडी तालुक्यात उतरावं लागलं. कोकणात ‘शेती संरक्षण परवाना’ हा घराघरात ठाऊक असलेला शब्द आहे. १९५९च्या शस्त्र कायद्यानं स्वसंरक्षणाच्या पिस्तुलासाठी परवाना मागणाऱ्याला अधिकाऱ्यांच्या मर्जीवर ठेवलं, पण पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या खऱ्या शेतकऱ्याला मात्र झुकतं माप दिलं.

ज्या बागायतदाराकडे मी गेलो त्यांच्या माडांवर माकडं आणि भातात डुकरं. मारायला वनखात्याची परवानगी लागते, म्हणून बहुतेक वेळा बार हवेतच काढायचा, नुसता आवाजासाठी. बंदूक आजोबांच्या वेळची. त्यांनी ती पडवीत आणून मांडीवर आडवी घेतली. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, त्यावर काथ्याचा नाहीतर चिंधीचा बोळा, गजानं ठासायचं, मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा ठासायचं. मागे निपलवर टोपी बसवली की बंदूक तयार. या सगळ्याला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढ्यात माकडं नारळ खाऊन करवंटी टाकून जातात.

आणि अडचण इथंच आहे. काडतुसाची बंदूक रिकामी करायची तर खटका दाबून काडतूस काढलं की झालं. ठासणीची भरली की भरली. मी विचारलं, रात्री घरी आल्यावर काय करता? त्यांनी मालवणीत उत्तर दिलं, ‘‘ही रिकामी करूची म्हणजे उडवूचीच.’’ रात्री अकराला शेजाऱ्यांची झोप मोडून कोण बार काढणार? म्हणून भरलेली बंदूक तशीच ठेवण्याचा मोह होतो. टोपी काढून ठेवली तर धोका बराच कमी होतो, हे त्यांना माहीत होतं आणि ते तसं करत होते. पण ‘करत होते’ हे माणसागणिक बदलतं.

बंदूक कुठे ठेवता, तर लोखंडी कपाटात. तेच कपाट, ज्यात लग्नातला शालू, जमिनीचे सातबारे आणि मुलीच्या बांगड्या. किल्ली कुठे, ते घरातल्या सगळ्यांना माहीत. मराठी घरात सुरक्षित ठेवणं म्हणजे कपाटात ठेवणं, ही समजूत अर्देशिर गोदरेजांनी १८९७ साली लालबागला कुलपांचा कारखाना काढला आणि १९०२पासून तिजोऱ्या करायला घेतल्या तेव्हापासूनची असावी. १९४४च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात त्यांच्या तिजोऱ्यांतले कागद शाबूत निघाले, ही गोष्ट आमच्या आजीलाही ठाऊक होती. पण तिजोरीची ती सगळी ख्याती चोर आणि आग यांच्याविरुद्धची आहे. बंदुकीला चोराइतकाच घरातला माणूस धोक्याचा असतो: कुतूहल असलेला पोरगा, खचलेला तरुण, पिऊन आलेला भाऊ. ज्या कपाटाची किल्ली देव्हाऱ्यामागे आहे हे सगळ्यांना माहीत आहे, ते कपाट या तिघांना अडवत नाही.

२०१६च्या शस्त्र नियमांनी साठवणुकीचा विषय कागदावर आणला. अर्जदारानं शस्त्र हाताळण्याचं शिक्षण घ्यावं, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी. २०१९च्या दुरुस्तीनं एका परवानाधारकाकडच्या बंदुका तिनांवरून दोनांवर आणल्या आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली. हमीवर सही बागायतदारांनीही केली होती. कुठल्या कपाटात, कसलं कुलूप, हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं, आणि वेगळी पेटी घ्यायला कोणी हातभारही लावला नव्हता. जबाबदारी पूर्ण त्यांची, वर पेटी घेतलीच तर त्यावर १८ टक्के.

माकडांना आचारसंहिता नसते

निवडणूक जाहीर झाली की मात्र सरकारला बंदुकीच्या साठवणीची एकदम आठवण होते. पोलीस ठाण्याचं पत्र येतं: शस्त्र जमा करा. बागायतदार बंदूक गोणपाटात गुंडाळून एसटीनं किंवा दुचाकीवर ठाण्यात नेतात. तिथं नोंदवहीत नाव, परवाना क्रमांक. बंदुकीला चिठ्ठी बांधली जाते, हातात पावती मिळते. ठाण्याच्या खोलीत, सरकारी कुलपात, अशा चिठ्ठ्या बांधलेल्या बंदुका भिंतीला लावून उभ्या राहतात. निकाल लागून आचारसंहिता संपेपर्यंत तिथंच. शेतकऱ्यांची तक्रार दर निवडणुकीत तीच: आचारसंहिता माकडांना लागू नाही.

सरसकट सगळ्यांच्या बंदुका गोळा करू नयेत; कोणाची घ्यायची ते जिल्हा दंडाधिकारी आणि पोलीसप्रमुखांच्या छाननी समितीनं प्रकरण बघून ठरवावं, असं मुंबई उच्च न्यायालयानं एका प्रकरणात सांगितलं, आणि निवडणूक आयोगाच्या सूचनांतही ते आलं. तरी पत्रं निघतात, कारण छाननीपेक्षा जमा करून घेणं सोपं.

यात एक गोष्ट मला हसू आणणारी वाटली. टेक्सास सरकार कपाटावरचे ८२५ रुपये सोडतं. आपलं सरकार दोन महिने पूर्ण कपाटच फुकट देतं. फक्त ते निवडणुकीची शांतता सांभाळायला. एरवीच्या वर्षी पोरांच्या सुट्टीचे दोन महिने, जेव्हा सगळी नातवंडं आजोळी येतात आणि घर धुंडाळतात, तेव्हा बंदूक पुन्हा शालूशेजारी.

मणिबेलीत १३ मे २०२४ला लोकसभेचं आणि २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं. पाण्यावरून यंत्रं आली, सोबत बंदूकधारी पोलीस आले. डायांनी दोन्ही वेळा मत दिलं. कामठ्याबद्दल कोणी विचारलं नाही. तसं बघितलं तर पोलीस कायद्याच्या कलम ३७खाली निघणाऱ्या शस्त्रबंदीच्या हुकुमात लाठीकाठीपासून सगळं येतं, कामठा खांद्यावर टाकून केंद्रावर गेले असते तर अडवलं असतं. ‘‘मत द्यायला कामठा कशाला न्यायचा?’’ डायांनी मलाच विचारलं.

कोणाचं पीक, कोणाची बंदूक

कामठा कायद्याच्या यादीतून कसा सुटला, याची एक गोष्ट आहे. इंग्रजांच्या १८७८च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दाची व्याख्या करताना बंदुका, संगिनी, तलवारी, भाल्यांबरोबर धनुष्यबाणाचंही नाव घेतलेलं होतं. वीसच वर्षांपूर्वी, एप्रिल १८५८मध्ये, सातपुड्यात आंबापाणीला खाज्या नाईक, भीमा नाईकांच्या भिल्लांनी फौजेला तोंड दिलं होतं. ज्या सरकारनं १८२५ साली खानदेशात भिल्ल पलटण उभारून भिल्लांच्याच हाती बंदूक दिली, त्यालाच भिल्लाच्या हातातला बाण शस्त्र म्हणून नोंदवावासा वाटला. स्वातंत्र्यानंतर १९५९चा कायदा झाला, त्यात धनुष्यबाणाचं नाव राहिलं नाही. घरगुती आणि शेतीकामाच्या वस्तू तर व्याख्येतूनच वगळल्या. कोडगूतल्या कोडवांना इंग्रजांच्या काळापासून बंदुकीच्या परवान्यातूनच सूट आहे आणि ती २०२९पर्यंत वाढवली आहे. भिल्लांना अशी लेखी सूट कधी मिळाली नाही. त्यांच्या धनुष्यबाणाचं नाव यादीतून गळलं, एवढंच.

पण बंदूक भिल्लांच्या या मुलखात आली ती बहुतेक दुसऱ्यांच्या हातात. खाली सपाटीला, शहादा तालुक्यात, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मोठ्या शेतकऱ्यांनी पीक संरक्षणाच्या नावानं राखणदारांची फौज उभी केली होती. मे १९७१मध्ये पाटीलवाडीत जमीनदारांच्या जमावानं केलेल्या गोळीबारात एक आदिवासी मारला गेला. तिथून आदिवासींच्या जमिनीच्या लढ्याला धार आली आणि पुढे श्रमिक संघटना उभी राहिली. कोकणात ‘पीक संरक्षण’ म्हटलं की डोळ्यांसमोर माकड येतं. शहाद्यात म्हाताऱ्यांना विचारा, त्यांच्या डोळ्यांसमोर काय येतं.

आज मणिबेलीतल्या एखाद्यानं डुकरांसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागायचा म्हटलं तर आणखी एक दार आडवं येतं. शूलपाणेश्वर अभयारण्याची हद्द नदीच्या याच अंगाला, गुजरातेत. वन्यजीव कायद्यानुसार अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्रपरवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकाची आधी संमती लागते, आणि जुना परवाना असलेल्यालाही आपलं नाव वनखात्याकडे नोंदवावं लागतं. त्यामुळे इथं मक्याची राखण करायला मचाण, गोफण आणि घसा.

पत्र्याचं घर

निघताना डायांना विचारलं, तुमचे भाऊबंद गुजरातेत परवेट्याला वसवले गेले, त्यांच्याकडे कामठे आहेत का? त्यांनी धाकट्या भावाची गोष्ट सांगितली.

भाऊ कामठा घेऊन गेला. तिथं त्याला आधी पत्र्याची शेड मिळाली. कुडाचं घर माणसाच्या दीडपट उंच असतं, आढं, वासे, माळा, वर अंधार. शेडला हे काहीच नाही. उतरते पत्रे, बाजूला तर वाकूनच शिरायचं. कामठा ठेवायचा कुठे? वर सारला तर पत्रा तापून बांबू वाळतो, कडकतो. म्हणून कोपऱ्यात, खाटेमागे उभा. खाटेवर चढणाऱ्या पोराच्या हाताला लागेल असा. ‘‘मग त्यानं काय केलं?’’

‘‘तोडला,’’ डाया म्हणाले. ‘‘स्वतःच मोडून चुलीत घातला. पोरगं तीन वर्षांचं होतं.’’

कुलूप घ्यायचं होतं की, असं माझ्या ओठांवर आलं होतं. घेऊन लावणार कशाला? पत्र्याच्या शेडमध्ये कपाट नव्हतं. कामठ्याची सुरक्षा कामठ्यात नव्हतीच, ती त्या उंच आढ्यात होती. घर गेलं तशी तीही गेली. जिथं राखण घराच्या बांधणीतच असते तिथं ती विकत घ्यावी लागत नाही आणि तिच्यावर करही बसत नाही. ती एकदा मोडली की मग दुकानात जावं लागतं, आणि तिथं १८ टक्के.

कोकणातल्या त्या बागायतदारांना मी परत आल्यावर फोन केला. करमाफी मिळाली तर वेगळी पेटी घ्याल का, म्हणून. ते म्हणाले, माफीचं नंतर बघू, पण नातू येतोय सुट्टीत, एक साखळीचं कुलूप आणलंय. चापाच्या कडीतून घालायचं. किल्ली कुठे ठेवलीत, मी विचारलं. ते हसले. म्हणाले, या वेळी देव्हाऱ्यामागे नाही.

मणिबेलीहून होडी निघाली तेव्हा डाया ओटीवर उभे होते. आत, वाशांच्या मध्ये, कामठा परत जागेवर गेला होता. दोरीचं एक टोक तसंच मोकळं लोंबत असणार.